प्रायव्हसीच्या ड्राफ्टचा रिव्ह्यू करताना आधी वाक्यातला कर्ता शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे, की पुण्यात नेटवर्किंगच्या कंपनीत सातेक वर्षं काम झालंय, आता टीम लीडने सांगितलंय आयईटीएफमधे (इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायचे नियम, ठरवणारी संस्था) प्रायव्हसीवरचा एक ड्राफ्ट चाललाय तो वाचून रिव्ह्यू पाठव, क्रिप्टोग्राफी कामापुरती येते, इंग्रजी वाचता येतं पण लिहायची भीती वाटते, तर नक्की बघायचं काय, शब्दरचना की सिक्युरिटी सेक्शन, आणि माझ्यासारख्याचं तिकडे ऐकणार कोण.

शेवटचं आधी सांगते. ऐकतात. आयईटीएफला मेंबरशिपच नाहीये, तिथे कंपनी म्हणून कोणी बसत नाही, माणूस म्हणून बसतो, मतदान नसतं, ढोबळ सहमती बघतात, आणि त्यात "हा कोण, कुठला" यापेक्षा "मुद्दा बरोबर आहे का" हे बघायची पद्धत आहे. जुन्या ओळखीच्या नावांना वजन असतं हे खरंय, पण नेमका मुद्दा सेक्शन नंबरसकट आणि सुचवलेल्या वाक्यासकट आला की लेखकांना उत्तर द्यावंच लागतं. फक्त वेळ सांभाळा. ड्राफ्ट वर्किंग ग्रुपमधे असतानाच पाठवा. शेवटचा लास्ट कॉल (मंजुरीआधी सगळ्यांकडून मतं मागवायची मुदत) साधारण दोन आठवड्यांचा असतो आणि तोवर लेखक त्याच मजकुरावर बराच काळ घासून दमलेले असतात, तेव्हा तुम्ही म्हणालात की मूळ डिझाइनमधेच माणसाची ओळख फुटतेय, तर ते बरोबर असूनही पचायला जड जातं.

आता मुख्य. शब्दरचना आणि सिक्युरिटी सेक्शन ही दोन वेगळी कामं आहेत असं धरूनच बहुतेकजण सुरुवात करतात. मीही तसंच केलं होतं, पहिल्या रिव्ह्यूमधे स्वल्पविराम, स्पेलिंग, तुटलेले संदर्भ असं दीड पान पाठवलं, आणि त्याच ड्राफ्टमधे एक फील्ड (संदेशातला एक रकाना) डिव्हाइस रीस्टार्ट झाल्यावरही तसंच राहत होतं, म्हणजे त्यावरून डिव्हाइस कायमचं ओळखता येत होतं, ते मला दिसलंच नाही. दुसऱ्या कोणीतरी पकडलं. मग मी मागे जाऊन ते वाक्य परत वाचलं तेव्हा कळलं की ते दिसलं नाही याचं कारण वाक्यरचनेतच होतं, वाक्य कर्मणी प्रयोगात होतं आणि ते फील्ड बदलायचं काम कोणाचं हे त्यात कुठेच नव्हतं.

आपल्याला हे ओळखणं खरंतर सोपं जायला हवं, कारण आपण परिपत्रकं वाचत मोठे झालोय. "योग्य ती दक्षता घेण्यात यावी." कोणी घ्यायची, कधी घ्यायची, नाही घेतली तर काय, काहीही नाही. वाचताना मात्र वाटतं की कोणीतरी दक्षता घेतंय. ड्राफ्टच्या सिक्युरिटी सेक्शनमधे याच घाटाची इंग्रजी वाक्यं खूप असतात, आणि ती लबाडीने लिहिलेली नसतात, लेखकाच्या डोक्यात कर्ता स्पष्ट असतो म्हणून त्याला तो लिहायची गरज वाटत नाही. पण पाच वर्षांनी तो डॉक्युमेंट उघडून कोड लिहिणारा माणूस लेखकाच्या डोक्यात बसलेला नसतो. म्हणून मी अजूनही एक करते, त्या सेक्शनमधलं प्रत्येक वाक्य मनात बोली मराठीत करून बघते आणि तेही कर्तरी प्रयोगात, जिथे कर्ता सापडत नाही तिथे पेन्सिलीने गोल करते. तुमच्या इंग्रजीच्या भीतीवर पण हाच उपाय आहे, कारण इंग्रजी घरची भाषा असलेला माणूस त्या गुळगुळीत वाक्यावरून घसरत पुढे जातो, आपण अडखळतो, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने अडखळायलाच हवं.

एक उदाहरण जवळून बघू, वाक्य मी बनवलेलं आहे पण असली येतात: "वापरकर्त्याचा माग काढला जाऊ नये यासाठी टोकन नियमितपणे बदलले जावेत." टोकन म्हणजे क्लायंट सर्व्हरला दाखवतो ती खूण. वाचायला छान आहे. आता विचारा. टोकन बदलायचं कोणी, क्लायंटने स्वतः, की सर्व्हरने नवीन दिल्यावर? सर्व्हरने द्यायचं असेल आणि सर्व्हरलाच माग काढायचा असेल तर? नियमितपणे म्हणजे दर तासाला, की दर कनेक्शनला, की नेटवर्क बदललं की? माग कोणी काढू नये, वायफायवर ऐकत बसलेल्याने, इंटरनेट कंपनीने, की समोरच्या वेबसाइटनेच? आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोकन बदललं त्याच क्षणी आयपी ॲड्रेस तोच राहिला, कनेक्शन तेच राहिलं, तर जुनं टोकन आणि नवं टोकन एकाच माणसाचं आहे हे बघणाऱ्याला आयतंच कळतं, मग बदलून साधलं काय? एका वाक्यातून पाच प्रश्न निघाले आणि यातल्या एकालाही क्रिप्टोग्राफी लागली नाही.

हेच काम नीट केलेलं बघायचं असेल तर क्विक या प्रोटोकॉलचा आरएफसी ९०००, मे २०२१ चा, काढा (ड्राफ्ट पक्का झाला की तो असा नंबर घेऊन आरएफसी म्हणून निघतो) आणि कनेक्शन मायग्रेशनचा भाग वाचा. तुम्ही घरातून चालत बाहेर पडता, फोन वायफायवरून मोबाइल डेटावर जातो, कनेक्शन तुटत नाही कारण त्याला स्वतःचा कनेक्शन आयडी आहे. आता तोच आयडी दोन्ही नेटवर्कवर दिसला तर बघणाऱ्याला कळणार की घरातला हा आणि रस्त्यावरचा हा एकच. म्हणून तिथे सरळ लिहिलंय की एकापेक्षा जास्त लोकल ॲड्रेसवरून पाठवताना एंडपॉइंटने (कनेक्शनच्या टोकाने) तोच कनेक्शन आयडी परत वापरता कामा नये. कर्ता आहे, कधी ते आहे, बंधन आहे. आणि मला त्याहून आवडतं ते पुढचं, की तिथेच कबूल केलंय की काही वेळा रस्ता आपोआप बदलतो, कनेक्शन थोडा वेळ शांत होतं आणि मधल्या नॅटने (ॲड्रेस बदलून पुढे पाठवणाऱ्या राउटरने) पोर्ट बदलला तर क्लायंटला ते कळतही नाही, तेव्हा आयडी न बदलताच नव्या रस्त्यावर दिसू शकतो. उरलेली भोकं अशी मोकळेपणाने लिहिलेली असली की मला त्या सेक्शनचा भरवसा वाटतो. सगळं झाकलंय असं सांगणारा सेक्शन दिसला की मी दुप्पट वेळ काढते.

मग ते कॅपिटलमधले शब्द, मस्ट, शुड, मे. आरएफसी २११९, १९९७ चा, यांचे अर्थ तिथे बांधून दिलेत, आणि २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने सांगितलं की हे अर्थ फक्त शब्द कॅपिटलमधे असला तरच लागू. तेव्हा पहिली गोष्ट, छोट्या अक्षरातला मस्ट दिसला की विचारा, हा मुद्दाम आहे का नजरचूक. दुसरी, आणि इथे खरा माल आहे, शुड. शुड म्हणजे "जमलं तर करा" असं नाही. शुडचा अर्थ असा की हे करायचंच, पण एखाद्या ठिकाणी सबळ कारण असेल तर सगळे परिणाम समजून उमजून सोडता येईल. म्हणजे प्रत्येक शुडच्या मागे एक "सोडायचं कारण" असतं, आणि ते ड्राफ्टमधे लिहिलेलं नसेल तर कोड लिहिणारा स्वतःच्या सोयीचं कारण शोधतो, बहुतेक वेळा डेडलाइन हेच. प्रायव्हसीच्या बाबतीत याची किंमत जास्त पडते कारण फीचर न चालणं लगेच कळतं, कस्टमर ओरडतो, पण प्रायव्हसी गळणं कोणालाच कळत नाही, सगळं व्यवस्थित चालू दिसतं. मी एका ठिकाणी काम करत होते तिथे शुड म्हणून लिहिलेली एक अशीच सोय "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवलेली होती आणि ती पुढच्या दोन रिलीजमधे पण आली नाही, एकही बग रिपोर्ट आला नाही त्याचा, येणार कसा. म्हणून प्रत्येक शुडला माझा एकच प्रश्न असतो: न केल्यास नुकसान कोणाचं? ज्याने केलं नाही त्याचं, की तिसऱ्याच कोणाचं? नुकसान तिसऱ्याचं असेल तर तो मस्ट हवा किंवा अपवाद लिहून हवा.

उलट बाजूपण आहे, सगळंच मस्ट करा म्हणून मागे लागू नका. जे बाहेरून तपासताच येत नाही अशा गोष्टीला, जसं "ऑपरेटरने माहितीचा गैरवापर मस्ट नॉट", असं लिहून काही होत नाही, ते प्रोटोकॉल पाळू शकत नाही. तिथे खरा प्रश्न विचारा की ती माहिती ऑपरेटरकडे जातेच का.

यावरून सिक्युरिटी सेक्शनकडे येते. या सेक्शनचा इतिहास थोडा माहीत असू दे. प्रत्येक आरएफसीत तो हवाच असा नियम नव्वदच्या दशकातच झाला, आणि त्या काळातल्या ढीगभर डॉक्युमेंटमधे तिथे एकच ओळ असायची, की सुरक्षेच्या बाबींची चर्चा या मेमोमधे केलेली नाही. नियम पाळला, झालं. मग २००३ मधे आरएफसी ३५५२ आला, हा सेक्शन कसा लिहायचा ते सांगणारा. तो जरूर वाचा, पण त्यात एक गृहीतक आहे ते ध्यानात ठेवा. तिथला इंटरनेटचा थ्रेट मॉडेल असा, की दोन टोकं शाबूत आहेत आणि मधला रस्ता जवळजवळ पूर्णपणे शत्रूच्या हातात आहे. बँकेचा व्यवहार, पासवर्ड, यासाठी हे अगदी बरोबर. पण प्रायव्हसीच्या ड्राफ्टमधे कित्येकदा समोरचं टोकच तो असतो ज्याच्यापासून माणसाला जपायचंय. रस्ता कडेकोट बंद आणि समोरचा सर्व्हर सगळं लिहून ठेवतोय, अशा वेळी "टीएलएस वापरा", म्हणजे रस्त्यावर एन्क्रिप्शन लावा, एवढं लिहिलेला सेक्शन आरएफसी ३५५२ च्या मोजमापात नापास होणार नाही कदाचित, पण प्रायव्हसीच्या दृष्टीने तो रिकामा आहे.

त्यासाठी २०१३ च्या जुलैमधला आरएफसी ६९७३ आहे. त्याच वर्षी जूनमधे अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दल एडवर्ड स्नोडेनचे खुलासे सुरू झाले होते, पण हा डॉक्युमेंट त्याआधीपासून चालू होता. पुढे मे २०१४ च्या आरएफसी ७२५८ ने स्पष्टच म्हटलं की सर्वव्यापी पाळत हा तांत्रिक हल्ला आहे आणि प्रोटोकॉल आखतानाच शक्य तिथे त्याला तोंड द्यायचं. ६९७३ मधली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे त्याने शब्द वेगळे करून दिले: निनावी असणं वेगळं आणि टोपणनावाने वावरणं वेगळं, पाळत वेगळी, दोन माहित्यांची सांगड घालणं वेगळं, एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्याच कामाला वापरणं वेगळं. शेवटी प्रश्नांची यादी आहे, ती छापून शेजारी ठेवा आणि ड्राफ्टला एकेक प्रश्न विचारा. त्यातले सगळे तुमच्या ड्राफ्टला लागू होणार नाहीत, ते ठीक आहे.

तर सेक्शन वाचताना मी कागदावर आधी माणसं मांडते. क्लायंट, त्याच्या वायफायवरचा शेजारी, इंटरनेट कंपनी, मधला रिले (निरोप नुसता पुढे पोचवणारा), समोरचा सर्व्हर, आणि नंतर कधीतरी त्या सर्व्हरचे लॉग हातात पडणारा. प्रत्येकासमोर दोन रकाने, याला "कोण" कळतं का आणि याला "काय" कळतं का. ओब्लिव्हियस एचटीटीपी, वेबवरची विनंती कोणाची ते लपवणारा, जानेवारी २०२४ चा आरएफसी ९४५८, यावर हे करून बघा, फार सुंदर बसतं. रिलेला कोण ते कळतं पण काय ते कळत नाही, गेटवेला (पुढच्या टोकाला विनंती उलगडणाऱ्याला) काय ते कळतं पण कोण ते कळत नाही. आणि लगेच दिसतं की सगळा डोलारा एकाच खांबावर उभा आहे, रिले आणि गेटवे यांनी आपसात संगनमत करायचं नाही. हे गणिताने सिद्ध केलेलं नाही, हे गृहीत धरलेलं आहे, आणि त्या डॉक्युमेंटमधे ते तसंच लिहिलंय. तुमच्या ड्राफ्टमधे असा खांब असेल तर तो सेक्शनच्या सुरुवातीला, ठळक दिसेल असा हवा, पाचव्या परिच्छेदाच्या शेवटी नको. आणि "ट्रस्टेड" हा शब्द आला की थांबा. मराठीत आपण त्याचं "विश्वासू" करून टाकतो पण स्टँडर्डमधे त्याचा अर्थ तसा नाही, ट्रस्टेड म्हणजे ज्याने दगा दिला तर आपलं संपलं असा. तो विश्वासू आहे का हा वेगळाच प्रश्न.

आता ज्या चुका परत परत सापडतात त्यातली एक जरा सावकाश सांगते, कारण तुम्ही नेटवर्किंगचे आहात, तुम्हाला हात लावून बघता येईल. एक ओळखचिन्ह बदललं आणि दुसरं तसंच ठेवलं. आयपीव्ही६ मधे, म्हणजे इंटरनेट ॲड्रेसच्या नव्या पद्धतीत, सुरुवातीला ॲड्रेसचा मागचा ६४ बिटांचा भाग मॅक ॲड्रेसवरून (नेटवर्क कार्डाचा कारखान्यातला नंबर) बनवायचे, मॅकचे दोन तुकडे करून मधे एफएफ-एफई घालायचं आणि एक बिट उलटा करायचा. त्यामुळे लॅपटॉप घरी असो, ऑफिसात असो की मुंबईच्या एअरपोर्टवर, मागचा अर्धा ॲड्रेस तोच, जगभर माग काढा. २००१ मधे आरएफसी ३०४१ ने तात्पुरते ॲड्रेस आणले, २०२१ च्या आरएफसी ८९८१ पर्यंत त्यात सुधारणा होत राहिल्या, आताच्या डीफॉल्टमधे तात्पुरता ॲड्रेस एक दिवस प्राधान्याने वापरतात आणि दोन दिवसांनी बाद होतो. बरं, मग फोन मॅक ॲड्रेसपण बदलायला लागले. तुमच्या फोनच्या वायफाय सेटिंगमधे बघा, मॅकचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला नाही, बनवलेला आहे. आणि एवढं सगळं करून फोन नेटवर्कला जोडला की डीएचसीपीमधे (नेटवर्ककडे ॲड्रेस मागताना) क्लायंट आयडेंटिफायर तोच जुना पाठवायचा, आणि होस्टनेम म्हणून "अमक्याचा फोन" असं चक्क मालकाचं नाव. २०१६ चा आरएफसी ७८४४ याच्यासाठीच लिहावा लागला, आणि होस्टनेमच्या या सवयीवर २०१७ मधे वेगळा आरएफसी ८११७ आला. वरचं कुलूप बदललं, खालची खिडकी उघडी. म्हणून ड्राफ्टमधे "हे रँडम असेल" असं दिसलं की लगेच दुसरा प्रश्न, याच्यासोबत आणखी काय काय जातं, आणि ते सगळं एकाच क्षणी बदलतं का? वेगवेगळ्या वेळी बदललं तर जुनं आणि नवं यांच्यात साखळी जोडता येते.

हॅशचंही तसंच. हॅश म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेला ठसा, त्यावरून मूळ माहिती सरळ उलटी काढता येत नाही. "फोन नंबर हॅश केलेला असल्याने निनावी आहे" अशा अर्थाचं वाक्य दिसलं की लाल पेन काढा. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९, म्हणजे एकूण शक्यता झाल्या ४०० कोटी. ४०० कोटी हॅश काढून जुळवून बघायला साध्या लॅपटॉपला तासभरसुद्धा लागत नाही. मॅक ॲड्रेस तर आणखी सोपा, पहिले २४ बिट कंपनीचे, ते जाहीर असतात, राहिले २४ बिट म्हणजे एका कंपनी-कोडमागे १ कोटी ६७ लाख. ते निनावी नाही, फारतर टोपणनाव आहे, आणि तेही सहज उघडणारं. रिव्ह्यूमधे हा आकडाच लिहून पाठवा, कोणी वाद घालत नाही.

एन्क्रिप्शन झालं म्हणजे संपलं हाही समज. पाकीट बंद आहे पण जाडी दिसते. डीएनएस (साइटच्या नावावरून ॲड्रेस विचारायची यंत्रणा) टीएलएसवरून न्यायचं ठरलं, आरएफसी ७८५८, मे २०१६, त्याच महिन्यात पॅडिंगची (भरीचे बाइट घालून आकार लपवायची) सोय देणारा आरएफसी ७८३० आला, पण किती पॅड करायचं ते त्यात ठरवलेलं नव्हतं. ते २०१८ च्या आरएफसी ८४६७ मधे आलं, प्रश्न १२८ बाइटच्या पटीत आणि उत्तर ४६८ च्या पटीत. म्हणजे मधली दोन वर्षं यंत्रणा होती पण सगळ्यांना एकाच मापात आणणारं मार्गदर्शन नव्हतं, आणि यात सगळे एका मापात असणं हाच खरा उपाय आहे, प्रत्येकाने वेगळं माप घेतलं तर ते मापच त्याची ओळख होतं. तुमच्या ड्राफ्टमधे "पॅडिंग वापरता येईल" एवढंच असेल तर विचारा, किती, आणि ते ठरवणार कोण.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे ती नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. नको म्हणणारा उठून दिसतो. क्विकमधे स्पिन बिट नावाचा एक बिट आहे, मधल्या नेटवर्कला कनेक्शनचा उशीर मोजता यावा म्हणून. तो बंद करायची मुभा आहे. पण शंभरात एखाद्यानेच बंद केला तर तोच ओळखू येणार ना. म्हणून आरएफसी ९००० मधे असं बंधन आहे की ज्यांनी तो चालू ठेवलाय त्यांनीही यादृच्छिकपणे दर १६ नेटवर्क पाथमागे किमान एका पाथवर तो बंद ठेवायचाच, म्हणजे बंद असलेली कनेक्शनं नेहमीच थोडीफार दिसत राहतील आणि मुद्दाम बंद करणारा त्या गर्दीत मिसळेल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप आनंद झाला होता मला, की कोणीतरी त्या एकट्या पडणाऱ्या माणसाचा विचार करून एक मस्ट लिहिलाय. तुमच्या ड्राफ्टमधे ऑप्ट आउट, म्हणजे नको म्हणायची सोय, असेल तर हा प्रश्न नक्की विचारा.

आणि कारण न देता केलेला दावा. याचं माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण आयईटीएफमधलं नाही, डब्ल्यूथ्रीसीमधलं आहे, म्हणजे वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेतलं. बॅटरी स्टेटसचं स्टँडर्ड, वेबसाइटला बॅटरी किती उरली ते कळावं म्हणून. २०१२ च्या मसुद्यात प्रायव्हसीबद्दल असं म्हटलं होतं की उघड होणाऱ्या माहितीचा प्रायव्हसीवर किंवा फिंगरप्रिंटिंगवर (बारीक लक्षणांवरून डिव्हाइस ओळखण्यावर) परिणाम अगदी कमी आहे, म्हणून परवानगी न विचारता ती दिली जाते. एवढंच. कशावरून कमी, कोणाच्या दृष्टीने कमी, आकडा किती बारीक देणार, काही नाही. २०१५ मधे संशोधकांनी दाखवलं की लिनक्सवरच्या फायरफॉक्समधे बॅटरीची पातळी दशांशानंतर भरपूर अंकांपर्यंत मिळत होती, आणि पातळी, चार्ज व्हायला लागणारा वेळ, उतरायला लागणारा वेळ, हे मिळून थोड्या काळापुरतं ओळखचिन्ह बनतं, म्हणजे कुकी पुसून परत आलात तरी साइट तुम्हाला जोडून घेऊ शकते. २०१७ मधे फायरफॉक्सने वेबसाइटसाठी ती सोय काढूनच टाकली. त्या जागी कोणी रिव्ह्यू करताना एक ओळ विचारली असती, की आकडा किती अंकांपर्यंत द्यायचा ते लिहा, तर एवढं झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. "कमी", "नगण्य", "व्यवहारात अशक्य" हे शब्द दिसले की पुरावा मागायचा, प्रेमाने मागायचा पण मागायचाच.

लॉगबद्दल थोडं, कारण भारतात काम करणाऱ्यांना हे लगेच भिडतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. प्रोटोकॉलचा ड्राफ्ट कायद्याला ओलांडू शकत नाही आणि तसं लिहायलाही जाऊ नये. पण जे मुळात वायरवर गेलंच नाही ते लॉगमधे येत नाही. त्यामुळे "ही माहिती साठवू नये" या वाक्यावर भांडण्यापेक्षा "हे फील्ड पाठवायची गरज आहे का, आणि असेल तर एवढं बारीक का" यावर तुमची ताकद लावा. ड्राफ्टमधे पूर्ण टाइमस्टॅम्प असेल तर विचारा की तास पुरणार नाही का, व्हर्जनचा लांब नंबर असेल तर विचारा की पहिला आकडा पुरणार नाही का. इथे तुमचा ऑपरेशनचा अनुभव क्रिप्टोग्राफरपेक्षा जास्त कामाचा आहे, कारण डीबगिंगला खरंच काय लागतं ते तुम्हाला माहितीये.

लिहायचं कसं. सुरुवातीला ड्राफ्टचं पूर्ण नाव आणि व्हर्जनचा आकडा, कारण तुम्ही वाचेपर्यंत नवीन येऊन गेलेलं असतं. मग दोन ओळीत, ड्राफ्ट काय करतो असं तुम्हाला समजलं ते, हे फार महत्त्वाचं, तुमचा समज चुकला असेल तर लेखकाला इथेच कळतं आणि बरेचदा तो चुकीचा समज हाच रिव्ह्यूमधला सगळ्यात मौल्यवान भाग निघतो, मजकूर तसा वाचता येतोय ना म्हणून. पुढे मोठे मुद्दे वेगळे आणि बारीकसारीक वेगळे, स्पेलिंग शेवटी. प्रत्येक मोठ्या मुद्द्याला सेक्शन नंबर, तुमचा प्रश्न, आणि शक्य असेल तर तुम्ही सुचवलेलं वाक्य. वाक्य लिहायला घाबरू नका, छोटं लिहा, कर्ता, क्रिया, कधी, संपलं, असलं साधं इंग्रजी तिथे लोकांना हवंच असतं कारण वाचणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची घरची भाषा इंग्रजी नसते. खात्री नसेल तिथे "मला हे कळलं नाही" असं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि पाठवण्याआधी नोट वेल (आयईटीएफमधे भाग घेण्याच्या अटी सांगणारी सूचना) वाचा, तुमच्या कंपनीचं त्या विषयावर पेटंट आहे हे तुम्हाला वैयक्तिक माहीत असेल तर ते जाहीर करायची जबाबदारी येते, यावर आधी कंपनीच्या लीगलशी बोलून घ्या, नंतर धावपळ नको.

लेखकांनी "धन्यवाद, दुरुस्त केलं" म्हटलं की काम संपलं असं समजू नका. नवीन व्हर्जन आलं की डिफ (जुन्या-नव्या मजकुरातला फरक) उघडा. बरेचदा दुरुस्ती शेवटाकडच्या सिक्युरिटी सेक्शनमधे एक वाक्य वाढवून होते, आणि त्याच्या आधी जिथे ते फील्ड कसं बनवायचं ते लिहिलंय तिथला मजकूर जुनाच राहतो, आणि कोड लिहिणारा वाचतो तो आधीचाच भाग, शेवटापर्यंत कोणी जात नाही. तेव्हा मस्ट हवा तो फील्डच्या व्याख्येत, आणि सिक्युरिटी सेक्शनमधे तो का आहे ते. हे दोन्हीकडे जुळलं की नाही एवढं बघून मगच "माझा मुद्दा सुटला" असं कळवा. तुमच्या ड्राफ्टचं नाव आणि व्हर्जन लिहा इथे, निदान त्याचा सिक्युरिटी सेक्शन मी या शनिवार-रविवारी वाचते आणि माझे गोल केलेले शब्द तुम्हाला पाठवते, तुमच्याशी ताडून बघा.